गाण्यानेही दीक्षा घेतली पाहिजे
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला विषय दिलाय 'तत्त्वज्ञान आणि संगीत'. विषय मोठा आहे आणि मी पडलो गिरणी कामगार. तरी वाचनातून जे हाती लागलं ते मांडतो.

रशियात अलेक्झांडर स्क्रियाबिन (१८७२–१९१५) नावाचे संगीतकार होऊन गेले. ते पियानोसाठी रचना करीत. थिऑसॉफीच्या गूढ विचारांचा त्यांच्यावर पगडा बसला आणि त्यांचं संगीतच बदललं. नेहमीची स्वरजुळणी सोडून त्यांनी वेगळीच, अधांतरी वाटणारी जुळणी शोधली. हिमालयाच्या पायथ्याशी सात दिवस संगीत करून माणसाला दिव्य अवस्थेला न्यावं, असं त्यांचं स्वप्न होतं. ते अपुरं राहिलं. सांगायचं एवढंच, की विचार बदलला की सूर बदलतो.

आता आपल्याकडे बघा. तमाशात आधी गण, म्हणजे गणपतीचं स्तवन, मग गवळण. महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढे त्या विचाराचे जलसे निघाले. ढोलकी-तुणतुणं तेच राहिलं, पण विषय आला शिक्षणाचा आणि शेतकऱ्याच्या लुबाडणुकीचा. तीच वाट नाशिककडच्या भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलशातून पुढे नेली.

मग आले वामनदादा कर्डक. जन्म १५ ऑगस्ट १९२२, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी. शाळा नाही. मुंबईत मोलमजुरी केली, मोठेपणी अक्षरं शिकले. 'सांगत्ये ऐका' या १९५९ च्या सिनेमात त्यांचं गीत आहे, पण आयुष्य वाहिलं ते भीमगीताला. त्यांच्या गाण्यात धम्म कुठे दिसतो? पहिलं, भाषेत. भगवान बुद्धांनी भिक्खूंना लोकांच्या बोलीत धम्म सांगायला लावलं. दादांनीही चाली लोकांच्या तोंडच्या घेतल्या आणि शब्द साधे ठेवले. कारण आपला धम्म आधी समजून घ्यायचा, पटला तर स्वीकारायचा. शब्दच कळला नाही तर पटणार काय? दुसरं, भावात. सगळं अनित्य आहे म्हणून संसार सोडा, असं ते म्हणत नाहीत. अनित्य आहे म्हणजे बदलता येतं, म्हणून उठा, असं म्हणतात. त्यांच्या एका गाजलेल्या गाण्यात बाबासाहेबांची आरती नाही. त्यांच्या मताने चालणारे आपल्यात कितीजण, असा रोकडा हिशेब आहे. १५ मे २००४ रोजी दादा गेले. तो हिशेब अजून बाकी आहे.

तरुणांनो, राग मानू नका. जयंतीला डीजेवर आपण काय वाजवतो? कितीतरी गाण्यांत बाबासाहेब नवसाला पावतात, अवतार घेतात. नाव भीमाचं, भाव मात्र जुन्या देवाचाच. बावीस प्रतिज्ञा म्हणताना आपण अवतार नाकारला आणि मिरवणुकीत परत आणला! माणसाने दीक्षा घेतली, गाणं मात्र तसंच राहिलं.

आमच्या आया-बहिणींनी जात्यावर भीमाच्या ओव्या गायल्या. ती माया आहे, तिला मी नावं ठेवत नाही. पण शिकलेल्या पिढीने मायेला विचाराची जोड द्यायला नको का?

म्हणून एक सूचना करतो. दर रविवारी वंदना झाली की पोरांना घेऊन बसा. एक भीमगीत निवडा. आधी शब्द वाचा, अर्थ विचारा, वाद घाला. पटलं तर पेटी काढा आणि खुशाल मोठ्या आवाजात गा.

नमो बुद्धाय! जय भीम!