विद्यार्थी, संगणक आणि अक्षररचना



मुलांना संगणकावरील अक्षररचना कशी शिकवावी, हा विषय मला देण्यात आला आहे. विषय नवा भासला तरी जैन समाजाला तो परका नाही. आपल्या ज्ञानभांडारांतील पोथ्या पाहाव्यात. दोरे ताणून बांधलेल्या पाटीवर कागद दाबला की शाईविना सरळ ओळी उमटत आणि त्या ओळींवर लेखक अक्षरे लिहीत. ताडपत्रात दोरा ओवण्यासाठी सोडलेली मधली जागा, कागद आल्यावर गरज संपली तरी शोभा म्हणून राखली गेली. मुनी पुण्यविजयजी (१८९५–१९७१) यांनी या लेखनकलेचा सविस्तर अभ्यास मांडला आहे. त्या पोथ्यांत 'के' लिहिताना मात्रा क च्या डोक्यावर न देता त्याच्या डावीकडे देत. तिला पडिमात्रा किंवा पृष्ठमात्रा म्हणतात. २००९ साली युनिकोडच्या ५.२ आवृत्तीत तिला स्वतंत्र स्थान मिळाले, म्हणजे पोथीतील ते चिन्ह आता संगणकालाही ठाऊक आहे.

पोथीनंतर खिळे आले. मुंबईत जावजी दादाजी चौधरी यांनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरू यांच्या हातून घडलेल्या तेथील देवनागरी खिळ्यांचे वळण पुढे आदर्श मानले गेले. आगमोदय समितीचे कित्येक आगमग्रंथ याच छापखान्यात छापले गेले. आपल्या खानदेशातील आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. तरी जळगावचा छापखाना त्यांच्या ओवीचा विषय झाला!

आजच्या मुलाला खिळे जुळवायचे नाहीत. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी आखलेला 'मंगल' फॉन्ट विंडोज २००० बरोबर घरोघरच्या संगणकांत पोहोचला. मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षरकारांच्या गटाचा 'मुक्ता' विनामूल्य मिळतो, आणि चित्ररचनेचे 'इंकस्केप' हे सॉफ्टवेअरही विनामूल्य आहे. साधन स्वस्त झाले, ही आनंदाची गोष्ट. परंतु साधन हाती येताच मूल अक्षराला सावली देते, सोनेरी रंग भरते, आडवे ताणते. आडवे ताणले की काना जाड होतो, शिरोरेषा मात्र होती तेवढीच राहते आणि अक्षराचा तोल जातो. मुलाला हे दिसत नाही, कारण अक्षर कसे पाहावे हे त्याला कुणी दाखवलेले नसते.

म्हणून माझे सांगणे असे, की आरंभ आपल्या गावाच्या नावापासून करावा. 'बोदवड' हा शब्द पडदाभर मोठा करावा. ब म्हणजे पोटात तिरकी रेघ असलेला व, हे लगेच ध्यानात येते. ब आणि व यांना पूर्ण काना आहे. द आणि ड शिरोरेषेला आखूड दांडीने लोंबकळतात, त्यामुळे त्यांच्याखाली अधिक पांढरी जागा उरते. ती जागा डोळ्याला सारखी भासेल अशी अक्षरे बसवणे, हाच पहिला धडा. मग अक्षरांतील अंतर वाढवून पाहावे. इंग्रजी शब्द त्याने ऐसपैस दिसतो. मराठीत बहुधा शिरोरेषाच तुटते. ओळींमधील अंतर कमी केले तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर आदळतो. इंग्रजीसाठी केलेले माप देवनागरीला पुरत नाही, हे पुस्तकातून सांगण्यापेक्षा असे दाखवलेले बरे.

आता ज्यात खरी जबाबदारी आहे त्या गोष्टीकडे येतो. पर्युषणाची पत्रिका रचणाऱ्या मुलाने 'आचार्यांना वंदन' लिहायचे आणि त्याऐवजी 'आचाऱ्यांना वंदन' छापले जायचे! एक रफार हुकला की गुरुदेवांच्या जागी स्वयंपाकी येतो. (स्वयंपाक्यांनाही वंदन असावे, पण ते वेगळ्या पत्रिकेत.) इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून र ची कळ दाबली की ऱ मिळतो, त्याला हलन्त देऊन य जोडला की 'ऱ्य' होतो, आणि साध्या र ने 'र्य'. हा भेद मुलांच्या बोटांत बसला पाहिजे. 'मिच्छामि दुक्कडं' मधील च्छ, क्क आणि शेवटचा अनुस्वारही तितक्याच काळजीने तपासावा. यंत्र दिलेले अक्षर उमटवते. कोणते द्यायचे ते त्याला कळत नाही.

दुसरी बाब जपणुकीची आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या फॉन्टच्या आपापल्या सांकेतिक पद्धतीत टंकित होत असे. मूळ फॉन्ट नसेल तर अशी फाइल आज उघडल्यावर रोमन अक्षरांचा अर्थहीन गोंधळ दिसतो. चातुर्मासाच्या नोंदी, देणगीदारांची नावे, दिवंगतांना वाहिलेल्या श्रद्धांजली ज्यांनी निष्ठेने टंकित केल्या, त्यांचे श्रम अशा फाइलींत अडकून पडतात. त्यांत शोध घेता येत नाही. मुलांना पहिल्या दिवसापासून युनिकोडच शिकवावे, एवढा माझा आग्रह आहे.

विश्वस्तांना एक विनंती आहे. उन्हाळी सुटीत वर्ग भरवाल तेव्हा पहिला आठवडा संगणक झाकलेलेच असू द्यावेत. दोन पेन्सिली रबराने एकत्र बांधून मुलांना क, ग, श गिरवू द्यावेत. त्यांच्या दुहेरी रेघेतून जाड-बारीकपणा कुठे येतो ते आपोआप उमगते. दुसऱ्या आठवड्यात जुन्या छापील अहवालातील एकेक पान प्रत्येकाने युनिकोडमध्ये टंकित करावे आणि घरातील आजी-आजोबांकडून नावे तपासून आणावीत.

जय जिनेंद्र.