रॅप आपल्या बोलीत

पेण-रोह्याकडच्या नाक्यांवर हल्ली पोरं मोबाइलवर बीट लावून यमकं जुळवताना दिसतात. घरची मंडळी म्हणतात, "गाणं कसलं, नुसती बडबड!" अशाच बडबडीतून पुढे आलेल्या एका तरुणाची वाटचाल आज सांगतो.

सौरभ अभ्यंकर हा अमरावतीचा रॅपर. मंचावर तो '१०० आरबीएच' असं नाव लावतो. आकडा 'सौ' असा वाचला की पुढच्या इंग्रजी अक्षरांसकट 'सौरभ' तयार! २०१९ च्या फेब्रुवारीत झोया अख्तर यांचा 'गली बॉय' आला. चित्रपट मुंबईच्या वस्तीतला, पण त्यातल्या 'इंडिया ९१' या बहुभाषी गाण्यात अमरावतीच्या सौरभचाही आवाज आहे.

त्या गाण्याचं संगीत मृदंगवादक विवेक राजगोपालन यांचं. त्यांनी मुंबईच्या 'स्वदेशी' गटातल्या रॅपरना कर्नाटक संगीतातले तालाचे बोल शिकवले. रॅपला तालाचा हिशेब लागतोच. एका आवर्तनात चार ठोके, कडव्यात बहुधा अशी सोळा आवर्तनं. यमक बहुतेकदा चौथ्या ठोक्यावर येतं. शब्द एक मात्रा लांबला तरी श्वास तुटतो आणि पुढची ओळ घसरते. भजनात टाळ धरलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

२०२३ मध्ये सौरभ 'एमटीव्ही हसल' या रॅप स्पर्धेच्या तिसऱ्या पर्वात उतरला. कार्यक्रम हिंदी, पण त्यानं मराठी सोडली नाही. जातिभेदाचा आणि बाबासाहेबांच्या विचारांचा विषयही सोडला नाही. गाड्या, पैसा आणि फुशारकी यांच्यापलीकडे रॅपला विषय असतात, हे त्यानं दाखवलं.

'स्वदेशी' गटानंही तेच केलं. २०१९ मध्ये त्यांनी आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन 'द वारली रिव्होल्ट' हे गाणं केलं. विषय होता मुंबईतलं आरे जंगल आणि तिथल्या आदिवासींची जमीन.

आता आपल्या पेण-रोह्याकडे बघा. सेझला, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राला, जमीन द्यायची की नाही, यावर २००८ च्या सप्टेंबरात पेण भागातल्या २२ गावांत शेतकऱ्यांचं मत घेतलं गेलं. देशभर त्याची चर्चा झाली. खाडीचं पाणी शेतात शिरून पिकती जमीन खारी होते. हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत गणपतीचे हात, सोंड, डोळे घडतात. रोह्याला धाटावच्या एमआयडीसीत पाळ्या चालतात आणि शेजारून कुंडलिका वाहते. विषयांचा दुष्काळ नाही. भाषेचाही नाही. 'मला' ऐवजी 'मना' म्हणणारी आगरी बोली आहे, लग्नात गायचे धवले आहेत.

तरीही आपली पोरं मुंबईच्या गल्लीची हिंदी उसनी आणतात, हे मला पटत नाही. नक्कल चार दिवस चालते. सौरभला लोकांनी ओळखलं ते त्याच्या मराठीमुळे आणि त्याच्या विषयांमुळे.

म्हणून तरुण मित्रांनो, एवढंच सांगणं आहे. शिक्षण, नोकरी सांभाळा. एका गाण्यानं घर चालत नाही. ताल पक्का करा. घरातल्या आजीकडून धवले ऐकून घ्या, त्यातले शब्द वहीत उतरवा. आणि पहिलं कडवं लिहाल ते आपल्या गावावर, आपल्या बोलीत लिहा.