मला थंडी वाजते

मी इंदूरची. घरात मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी, अशा वातावरणात वाढले. त्यामुळे नवीन भाषेची भीती कधी वाटली नव्हती. ती वाटली जर्मनीत, एका स्वयंपाकघरात, पावाच्या दोन कापांसमोर.

फ्रायबुर्ग हे जर्मनीच्या नैर्ऋत्य टोकाचं शहर, ब्लॅक फॉरेस्टच्या पायथ्याशी. जुन्या गावातल्या रस्त्यांच्या कडेने पाण्याचे छोटे पाट वाहतात. चुकून त्यात पाय पडला, तर फ्रायबुर्गच्या माणसाशी लग्न होतं म्हणे. माझा दोनदा पडला. काही झालं नाही, फक्त मोजे भिजले.

मी तिथे आठ आठवड्यांच्या बी-1च्या वर्गाला गेले होते आणि एका सत्तरीच्या बाईंच्या घरी राहत होते. नवरा नाही, मुलं दूर. नोव्हेंबर महिना, पाच वाजायच्या आत अंधार. पहिल्या संध्याकाळी सहाला जेवण: पाव, लोणी, चीज, काकडीचं लोणचं. संध्याकाळी बरेच लोक असं थंडच जेवतात, त्याला नावच ‘आबेंडब्रोट’, म्हणजे संध्याकाळचा पाव. मी दोन काप खाल्ले. बाईंनी विचारलं, आणखी हवं? मी म्हटलं, ‘नाइन, डांके’. नको, थँक्यू.

त्यांनी चीजवर झाकण ठेवलं आणि ताट उचललं.

मंडळी, आपल्याकडे पहिलं ‘नको’ हे नको नसतं. ते नुसतं दार वाजवणं असतं. समोरच्याने ‘अगं घे गं, काय खाल्लंस’ म्हणायचं, मग आपण ‘बरं, अर्धी’ म्हणायचं. मी त्या दुसऱ्या विचारण्याची वाट बघत बसले आणि टेबल पुसूनही झालं. मग खोलीत जाऊन आईने दिलेल्या चकल्या खाल्ल्या. दोन आठवडे हेच चाललं. चकल्या संपल्या.

मग चिठ्ठी आली. मी थंडीमुळे खिडकी कधी उघडत नसे, हीटर सतत पूर्ण. एके दिवशी खोलीच्या दारावर कागद: ‘बिट्टं ल्यूफ्टन!’ कृपया हवा येऊ द्या. पुढे उद्गारचिन्ह. मला ते चिन्ह थोबाडीत मारल्यासारखं लागलं. तोंडावर बोलायचं सोडून चिठ्ठी? रात्री आईला फोन करून रडले आणि ठरवलं, होस्टेल शोधायचं. वर्गात आधीच मागे पडत होते. परीक्षेचे चार भाग, प्रत्येकात शंभरपैकी साठ हवेत, आणि बोलण्याच्या सरावात मी चाळिशीच्या पुढे जात नव्हते. घरात बोलायला माणूस होतं, पण मी खोलीत बसून व्याकरण पाठ करत होते.

दुसऱ्या दिवशी ‘मी जाते’ हे सांगायला खाली गेले. वाक्य पाठ केलं होतं. पण स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी होती आणि तोंडातून निघालं, ‘इश बिन काल्ट’. इंग्रजीतून जसंच्या तसं उचललेलं. बाई थांबल्या, मग हसल्या. म्हणाल्या, याचा अर्थ तू थंड काळजाची आहेस असा होतो. म्हणायचं, ‘मिअर इस्ट काल्ट’.

मिअर. मला. मला थंडी वाजते!

मी तिथेच खुर्चीत बसले. तीन महिने मी जर्मन इंग्रजीतून शिकत होते आणि ती माझ्या घरातल्या भाषेसारखी वागत होती. त्यांच्यातही तीन लिंगं, तो, ती, ते. चमचा त्यांचाही पुल्लिंगी, चंद्रही. सूर्य मात्र त्यांच्याकडे बाई आहे. ‘वाइल’, म्हणजे कारण, आलं की क्रियापद वाक्याच्या शेवटी जातं: कारण मी दमलेली आहे. वर्गातले इंग्लंड-अमेरिकेचे विद्यार्थी इथे अडखळायचे. मला अडखळायचं काही कारण नव्हतं, पण मीही त्यांच्यासारखंच डोकं आपटत होते. सगळंच जुळतं असं नाही हं. विभक्तीने मला पुढेही पुष्कळ छळलं.

त्या सकाळी आम्ही तासभर बोललो. खिडक्या बंद ठेवल्या तर भिंतीला बुरशी धरते, म्हणून हीटर बंद करून पाच मिनिटं त्या पूर्ण उघडायच्या, हे मला कळलं. चिठ्ठी का, तर मी सारखी खोलीत असायचे, त्यांना दार वाजवून त्रास द्यायचा नव्हता. मग मी हिय्या करून जेवणाचं सांगितलं. बाईंचा चेहरा पडला.

‘तू नको म्हणालीस,’ त्या म्हणाल्या. ‘मी परत विचारलं असतं, तर तुझ्या शब्दावर माझा विश्वास नाही असं झालं असतं.’

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. आपला आग्रह प्रेमाचा असतो हे खरं, पण माझं ‘नको’ इतक्या सरळपणे कुणी मानलं नव्हतं, हेही खरं.

होस्टेलचा विषय मी काढलाच नाही. रोज जेवणानंतर अर्धा तास बोलायचं ठरलं. त्या दोनदा विचारू लागल्या, दुसऱ्यांदा बोट वर करून, ‘हे इंदूरसाठी’ म्हणत. मी पहिल्याच वेळी ‘हो’ म्हणायला शिकले. ते जास्त अवघड होतं. परीक्षेत बोलण्यात चौऱ्याहत्तर मिळाले, लिहिण्यात कसेबसे बासष्ट.

शेवटच्या रविवारी बाई म्हणाल्या, आता मला ‘झी’ नको, ‘डू’ म्हण. म्हणजे तुम्ही नको, तू. तिथे हे वयाने मोठ्या माणसाने सुचवायचं असतं. त्यांना वाटलं, मला जड जाईल. मी म्हटलं, आमच्याकडे आजीला तूच म्हणतात.

‘आणि सासूला?’

‘तुम्ही.’

‘बरोबर आहे,’ त्या म्हणाल्या, आणि केकचा आणखी एक तुकडा माझ्या ताटात ठेवला. न विचारता.