रातभर वाजणारा, कधीच न निघालेला अल्बम

(या भागात जे बोललो ते जवळपास तसंच उतरवलं आहे. वाचायला सोपं जावं म्हणून काही वाक्यं नीट केली आहेत, बोलण्याचं वळण मात्र ठेवलं आहे.)

आज नाटकाच्या संगीतावर बोलायचंय, आणि ते आपल्या झाडीपट्टीच्या नाटकाच्या संगीतावर. पण सुरुवात जरा लांबून करतो. थेट लंडनहून. थोडा धीर धरा, वडशाला पोहोचतोच आपण.

सन २००० उजाडलं तेव्हा लंडनच्या ग्रीनिच भागात ‘मिलेनियम डोम’ नावाचा एक अवाढव्य घुमट उभा राहिला होता. त्यात वर्षभर एक भव्य खेळ चालायचा. दोरांना लटकून हवेत कसरती करणारे कलाकार, यंत्रं, दिव्यांची आतषबाजी. गोष्ट होती एका कुटुंबाच्या तीन पिढ्यांची : शेतीचा काळ, कारखान्यांचा काळ आणि पुढे येणारा काळ. संगीत होतं पीटर गॅब्रिएल या इंग्रज गायक-संगीतकाराचं. त्यानं त्या गोष्टीतून एक अख्खा अल्बम बांधला. नाव ‘ओव्हो’. पात्रांची गाणी वेगवेगळ्या गायकांकडून गाऊन घेतली. अशा अल्बमला कॉन्सेप्ट अल्बम म्हणतात. म्हणजे आठ-दहा सुटी गाणी एका माळेत ओवलेली नाहीत, तर पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत एकच गोष्ट चाललीय. मधलं गाणं काढलं तर गोष्टीला भोक पडतं.

३१ डिसेंबर २००० ला तो डोम बंद झाला. खेळ संपला, कसरती संपल्या. त्या घुमटाखाली पुढे भलतंच सभागृह झालं. पण अल्बम आहे. आज कुरखेड्यात बसून मोबाइलवर तो ऐकता येतो. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवा : खेळ गेला, आवाज राहिला.

आता महाराष्ट्रात या. आपल्याकडे याच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट म्हणजे बाबासाहेब पुरंदरे यांचं ‘जाणता राजा’. १९८५ मध्ये सुरू झालेलं शिवचरित्राचं महानाट्य. मैदानावर बांधलेला किल्ल्यासारखा रंगमंच, शंभरावर कलाकार, घोडे, उंट, हत्ती. ज्यांनी पाहिलंय त्यांना आठवत असेल, पण एक गंमत कित्येकांच्या ध्यानात येत नाही. तिथला नट मैदानावर बोलतच नाही. संवाद, गाणी, पोवाडा, निवेदन, सगळं आधीच ध्वनिमुद्रित केलेलं. कलाकार त्या आवाजावर ओठ हलवतात, हातवारे करतात, तलवार काढतात.

का केलं असेल असं? कारण सरळ आहे. एवढ्या मोठ्या मैदानात, घोड्यांच्या टापांमध्ये, शंभर जणांचे आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवणार कसे? आवाज एकदा बांधून ठेवला की घोडा कधी सुटायचा, तोफ कधी उडायची, हे सेकंदावर ठरतं. शिवाय आवाज तयारच असल्यामुळे ज्या गावी प्रयोग असेल तिथली पोरंही मावळे म्हणून उभी करता येतात. सोय आहे, मोठी सोय आहे. पण बदल्यात काय दिलं? ‘वन्समोअर’ गेला. लोकांना गाणं कितीही आवडो, ते परत होणार नाही. आवाज पुढे चालला, आता नटानं त्याच्या मागे धावायचं.

आणि आता या झाडीपट्टीत. इथं नेमकं उलटं आहे.

बाहेरच्या श्रोत्यांसाठी थोडक्यात सांगतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया हे चार जिल्हे म्हणजे झाडीपट्टी. जंगल दाट म्हणून झाडी. धानाचा प्रदेश. धान घरात आलं, दिवाळी झाली की नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि होळीच्या आगेमागेपर्यंत चालतो. गावात मंडई असते, शंकरपट असतो, त्या निमित्तानं रात्री नाटक. नाटकासाठी पाहुणे येतात, घराघरात गर्दी होते, त्यातच सोयरिकी जुळतात. या सगळ्याचं केंद्र म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातलं देसाईगंज, म्हणजे आपलं वडसा. नाटक कंपन्या तिथल्या, बुकिंग तिथं.

नाटक सुरू होतं रात्री नऊ-दहानंतर आणि उठतं उजाडताना. एवढं लांब का, असं शहरातली माणसं विचारतात. जुनी माणसं याचं उत्तर साधं देतात. लोक बैलबंडीनं, पायी, जंगलातल्या गावांतून यायचे. मध्यरात्री नाटक संपवून त्यांना जंगलात सोडणार होते का? त्यापेक्षा उजेड होईपर्यंत बसवून ठेवा. आज गाड्या आल्या, डांबर आलं. तरी ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीडच्या बाजूला विचारून बघा, रात्री दोनला गाडीवर एकटं परतायला कोण तयार होतो ते. वाघ काही टाइमटेबल बघत नाही.

तर त्या सात-आठ तासांत संगीत काय करतं, हे ऐकण्यासारखं आहे. साथीला बसलेली मंडळी हाडामासाची असतात. पूर्वी पायपेटी आणि तबला, मग ऑर्गन, आता ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड. नाटक नवं असतं, तालमी थोड्या, पडद्याआड प्रॉम्प्टर असतो. नट वाक्य विसरला तर प्रॉम्प्टर आठवण देतो, पण ते दोन क्षण भरून कोण काढतो? पेटीवाला. पडदा अडकला, पेटीवाला. दोन वाजले, लोक पेंगायला लागले, तबलजी लय चढवतो. गाणं रंगलं, खालून आरोळी आली, परत पहिल्यापासून. नट रडण्याच्या सीनमध्ये जास्तच थांबला तर सूर तेवढाच लांबतो. ‘जाणता राजा’त नट आवाजाच्या मागे चालतो. झाडीपट्टीत आवाज नटाच्या मागे चालतो, आणि नट लोकांच्या मागे.

आणखी एक गोष्ट. संगीत नाटकाच्या परंपरेत शेवट भैरवीनं करायची रीत आहे. भैरवी हा पहाटेचा राग. पुण्या-मुंबईत नाटक रात्री बारा-साडेबाराला संपतं, म्हणजे भैरवी अर्ध्या रात्री येते आणि श्रोत्यानं पहाट झाली असं मानून घ्यायचं. झाडीपट्टीत मानून घ्यावं लागत नाही. शेवटच्या अंकात भैरवी लागली तर कनातीबाहेर खरंच फटफटलेलं असतं, शेतावरून धुकं आलेलं असतं. गोष्ट, सूर आणि घड्याळ असं एका ठिकाणी येणं मला तरी दुसरीकडे फारसं भेटलेलं नाही.

म्हणून मी म्हणतो की झाडीपट्टीचं नाटक हा रातभर वाजणारा कॉन्सेप्ट अल्बमच आहे. नांदीपासून शेवटापर्यंत एकच गोष्ट, गाण्यांचा क्रम ठरलेला, प्रत्येक गाण्याची वेळ ठरलेली. फक्त हा अल्बम कधी निघाला नाही. दर रात्री वाजतो आणि उजाडलं की पुसला जातो.

‘लोककला आहे, ती अशीच असते’ असं कुणी म्हणेल. मला हे पटत नाही. सांगतो का.

अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ पुण्यात रंगमंचावर आलं १८८० साली. तेव्हाचं गाणं आपल्याला ऐकायला मिळत नाही, कारण तेव्हा ते मुद्रितच झालं नाही. पण पुढे ग्रामोफोन आला. ७८ च्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. थिएटरात पंधरा-वीस मिनिटं रंगणारं पद तेवढ्यात कोंबावं लागायचं. तरी बालगंधर्वांच्या तबकड्या निघाल्या, म्हणून ज्यांनी त्यांना कधी पाहिलं नाही त्यांनाही त्यांचा सूर माहीत आहे. १९६७ मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ आलं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं. ती गाणी रेडिओवर गेली, कॅसेटवर गेली, आणि अर्ध्या शतकानं नवी पोरं ती गातात. नाट्यसंगीत टिकलं ते फक्त थोर होतं म्हणून नाही. कुणीतरी ते मुद्रित केलं म्हणूनही टिकलं.

आपल्याकडे काय झालं? गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. सगळ्या झाडीपट्टीची मान ताठ झाली. पाच हजारांवर प्रयोग आणि आठशे भूमिका त्यांच्या नावावर सांगितल्या जातात. आता एक प्रश्न विचारतो. त्या पाच हजार रात्रींत त्यांच्या समोर पेटीवर कोण कोण बसलं होतं? चाली कुणी बांधल्या? तुमच्या गावात मागच्या हंगामात जे नाटक झालं त्याच्या पाट्यांवर नटांचे फोटो होते. तबलजीचं नाव होतं का?

कोरोनात हंगाम बुडाला तेव्हा या वादकांच्या हातात काय होतं? ज्या गायकाचं रेकॉर्डिंग असतं, त्याच्याकडे निदान ऐकवायला, पाठवायला, विकायला काहीतरी असतं. यांच्याकडे पेटी होती आणि घर होतं.

तुम्ही म्हणाल, यूट्यूबवर नाटकं आहेत की! आहेत. मीही बघतो. पण ती मोबाइलनं मांडवातून घेतलेली. विनोदाचा तुकडा असतो, लावणीचा तुकडा असतो. जनरेटर घुमतोय, शेजारचा माणूस खोकतोय, ऑर्गन कुठेतरी विहिरीच्या तळातून आल्यासारखा. २०२२ मध्ये तृषांत इंगळे यांचा ‘झॉलीवूड’ सिनेमा आला, त्यानं ही दुनिया मोठ्या पडद्यावर नेली. चांगलं झालं. पण सिनेमा दोन तासांचा, आणि तो नाटकवाल्यांची गोष्ट सांगतो. एका नाटकाचं रातभराचं संगीत जसंच्या तसं ठेवणं हे त्याचं कामच नाही.

आता यात एक धोका आहे, आणि तो मी लपवणार नाही. समजा एखाद्या नाटकाचं संगीत आपण छान मुद्रित केलं. उद्या कुणी हिशेबी माणूस म्हणेल, आता चार वादकांचं मानधन कशाला, जाण्यायेण्याची गाडी कशाला? पेनड्राइव्ह लावा, नट गाण्यावर ओठ हलवतील. मोठ्या मैदानावरच्या महानाट्याला ती गरज होती, आपल्याला नाही. आपल्याकडे ते आलं तर नाटकाची पाठच मोडेल. पेनड्राइव्हला वन्समोअर ऐकू येत नाही. नट अडकला तर तो थांबणार नाही. आणि पहिल्या वर्षी घरी बसेल तो वादक, ज्याच्या भल्यासाठी आपण हे सुरू केलं.

म्हणून भेद स्पष्ट ठेवा. रेकॉर्डिंग आठवणीसाठी करायचं, बदलीसाठी नाही.

मग करायचं कसं? मला सुचतं ते सांगतो. स्टुडिओत नेऊन आठ गाजलेली गाणी काढू नका. त्यानं सुटी गाणी मिळतील, नाटक मिळणार नाही. एक हंगाम, एक नाटक, एक गाव निवडा. साथीच्या प्रत्येक वाद्याला वेगळा माइक, गायकांना वेगळा, आणि एक माइक फक्त लोकांसाठी. कारण खालची आरोळी हाही त्या संगीताचा भाग आहे. नांदीपासून उजाडेपर्यंत काही कापायचं नाही. नंतर ऐकून त्यातनं तास-दीड तासाचा अल्बम बांधा, पण क्रम रात्रीचाच ठेवा. अख्खी रात्रही जपून ठेवा, उद्या कुणाला शिकायची असेल तर.

त्यावर नावं लिहा. गीत कुणाचं, चाल कुणाची, पेटी, तबला, ऑक्टोपॅड, प्रॉम्प्टरसुद्धा. आणि कागद करा. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ ला दुरुस्ती झाली, तिनं ध्वनिमुद्रणातल्या गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला हक्क बराच पक्का केलाय. पण चाल कुणाची हे कुठे लिहिलंच नसेल, तर हक्क मागायला जाणार कोण? त्याच कागदावर हेही लिहून घ्या की हे मुद्रण प्रयोगात वादकांच्या जागी वाजवलं जाणार नाही.

ज्यांनी दंडार, खडी गंमत अनुभवलीय त्यांना माझं म्हणणं लवकर कळेल. नाटक कंपन्यांच्या आधीपासून ढोलकी-मंजिरीवर रात्र काढायची कला इथं होती. त्यातलं किती ऐकायला उरलंय? जे जुन्या माणसांच्या गळ्यात आहे तेवढंच. नाटकाच्या संगीताला तरी ती वेळ येऊ नये.

तर मंडळी, या हंगामात नाटक पाहाले जाल तेव्हा एक करा. मोबाइल काढण्याआधी साथीच्या माणसांजवळ जा, नाव विचारा, चाल कोणाची ते विचारा, आणि लिहून ठेवा. चहा पाजा, थंडी असते. तुमच्याकडे जुनी कॅसेट असेल, आजोबांची गाण्याची वही असेल, तर आम्हाला कळवा. ज्यांच्या ओळखीत रेकॉर्डिंगची जाण असलेली पोरं आहेत, त्यांना हा भाग ऐकवा.

पुढच्या भागात दंडारीवर बोलू. तोवर काळजी घ्या, आणि नाटकाहून येताना उजाडल्यावरच निघा. नमस्कार.