कार्मिला, मित्रा आणि जखीण



फलकावर आजचा विषय वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. वसंत व्याख्यानमालेत ज्ञानेश्वरी यावी, सहकार यावा, उसाचा दर यावा. पण रक्त पिणाऱ्या पिशाचांच्या कादंबऱ्या, आणि त्याही दोन मुलींच्या प्रेमाच्या, कशासाठी? येताना वाटेत एक स्नेही मला म्हणाले, "बाई, आमच्या कबनुरात मागांच्या खडखडाटापुढे भूत टिकत नाही." असेलही तसे. पण ही पुस्तके घरात येऊन पोचली आहेत. माझी नात वसतिगृहात राहून शिकते. गेल्या सुट्टीत तिच्या उशाखाली मला असले एक पुस्तक सापडले, आणि चोरून का होईना, मी ते एका बैठकीत वाचून काढले.

ते होते एस. टी. गिब्सन यांचे 'ॲन एज्युकेशन इन मॅलिस', २०२४ सालचे. अमेरिकेतील मुलींचे एक जुने कॉलेज, कवितेचा वर्ग, एकमेकींशी चढाओढ करणाऱ्या दोन विद्यार्थिनी, त्या दोघींनाही मोहात पाडणारी अध्यापिका, आणि या सगळ्याखाली रक्त. भाषा मला जरा नटवी वाटली. जुन्या दगडी इमारती, मध्यरात्रीची ग्रंथालये आणि विद्येपायी पापाच्या वाटेला लागलेली तरुण मुले, असा कादंबऱ्यांचा एक पंथच आता झाला आहे. डोना टार्ट यांच्या १९९२ च्या 'द सीक्रेट हिस्टरी'पासून त्याला विशेष भर आला. परंतु गिब्सनबाईंच्या नायिकांची नावे, लॉरा आणि कार्मिला, ही मात्र दीडशे वर्षांची जुनी आहेत.

आयर्लंडच्या शेरिडन ले फानूने 'कार्मिला' लिहिली, ती १८७२ मध्ये त्याच्या कथासंग्रहात आली. ड्रॅक्युला त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १८९७ साली जन्मला. स्टिरियाच्या अरण्यातील एका गढीत लॉरा एकटी वाढते. गाडीच्या अपघातामुळे कार्मिला तिच्या घरी पाहुणी राहते. कार्मिला तिच्यावर जीव टाकते, आणि तिचे रक्तही पिते. लॉराला ओढ वाटते आणि किळसही वाटते. दोन्ही एकाच वेळी वाटतात, हे ले फानूने लपवले नाही.

पुढे लॉराचे वडील, एक सेनापती आणि एक सरदार कार्मिलाची कबर शोधतात. छातीत खुंटा ठोकतात, शिर उडवतात, देह जाळून राख नदीत सोडतात. या वेळी लॉरा कोठे आहे? ती तेथे नाही. आपल्या मैत्रिणीचा शेवट ती सरकारी आयोगाच्या अहवालावरून आपल्याला सांगते! ज्या प्रसंगाने तिचे आयुष्य मोडले, त्याबद्दल तिच्यापाशी एक कागद आहे. आणि गोष्टीच्या आरंभीच आपल्याला कळलेले असते की हे कागद छापले जाण्याआधी लॉराही वारली. मला त्या खुंट्यापेक्षा या अहवालाचे भय अधिक वाटते.

आता आपल्या घरचे पाहू. रिचर्ड बर्टन याने १८७० मध्ये वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेल्या, तेव्हा वेताळाला सरळ 'व्हॅम्पायर' म्हटले. बिचारा वेताळ! रक्त पिणे हा त्याचा धंदाच नव्हे, तो कोडी घालतो. कॉलेजातील भुताच्या गोष्टीत त्याला परीक्षक म्हणून मात्र कोणीही नेमावे. खरे रक्तपिशाच मराठीत रुजवण्याचा उद्योग पुढे नारायण धारपांनी केला; त्यांची 'लुचाई' स्टीफन किंगच्या कादंबरीवरून बेतलेली आहे.

बाईने बाईला झपाटावे, ही कल्पना मात्र आपल्याला नवी नाही. सवाष्ण मेलेली पहिली बायको जखीण होते आणि दुसरीला झोंबते, अशी समजूत होती. म्हणून दुसरी बायको पहिलीचा टाक गळ्यात बांधून वावरे. येथे झगडा दोघींचा, पण कारण नवरा. कार्मिलाला कोणाचा नवरा नको आहे. तिला लॉराच हवी आहे. अशा ओढीला आपल्या भुतावळीतसुद्धा जागा सापडत नाही.

ती जागा मराठीत करून दिली विजय तेंडुलकरांनी. 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आले. मित्राचे काम रोहिणी हट्टंगडी करीत. येथेही कॉलेजच आहे. मित्रा नमावर प्रेम करते, तेही लपूनछपून, उसन्या खोलीत. भूत नाही, कबर नाही. दळवीसारखा एक द्वेष्टा आणि लोकांची जीभ एवढे पुरते, आणि मित्रा स्वतःच आपला जीव देते. ही गोष्ट कोण सांगतो? तिचा मित्र बापू. तो भला आहे, तिच्यासाठी झिजला आहे. तरी गोष्ट त्याच्या तोंडून आली आहे. लॉराजवळ अहवाल होता, आपल्याजवळ बापू.

म्हणून २०१४ मध्ये कॅनडात निघालेली वेबमालिका मला महत्त्वाची वाटते. तीत कार्मिला ही विद्यापीठाच्या वसतिगृहात लॉराच्या खोलीतच राहायला येते, आणि लॉरा कॅमेऱ्यासमोर बसून घडले ते दिवसच्या दिवस स्वतः सांगते. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी अशा प्रेमावरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. कायद्याने शिक्का पुसता येतो. परंतु वसतिगृहातल्या मुलीने घरी काय सांगावे, हे कोणत्याही निकालपत्रात लिहिलेले नसते.

ते पुस्तक मी होते तसे उशाखाली परत ठेवले. संध्याकाळी नात स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "आजी, खूण हलली आहे. कुठवर वाचलंस?"

मी म्हटले, "शेवटपर्यंत."

मग ती पाट ओढून माझ्याजवळ बसली.