जिना कोणाचा?

(डोंबिवली येथे सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



आपल्यापैकी प्रत्येकाच्या घराचा उंबरठा लख्ख असतो. सणासुदीला दारापुढे रांगोळी असते, चौकटीवर तोरण असते. पण त्या रांगोळीपासून चार पावलांवर जिन्याच्या कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या दिसतात, फुटके टेबल आणि गंजलेली सायकल पडलेली असते. रांगोळी आपली, मग जिना कोणाचा? या एका प्रश्नाभोवतीच मला आज बोलायचे आहे.

सामाईक जागेत राहणे आपल्याला नवीन नाही. मुंबईच्या चाळींनी कित्येक पिढ्या हेच केले. एक गॅलरी, एक नळ, एक अंगण. मुंबईतील सार्वजनिक गणेशोत्सवाचा आरंभ 1893 साली गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत झाला, हा केवळ योगायोग नव्हे. एकत्र येण्यास जागा होती, म्हणून उत्सव उभा राहिला. मात्र चाळीला मालक होता. छप्पर गळले तर शिव्या खायला आणि अर्ज करायला एक माणूस होता. सहकारी संस्थेत तसा मालक नाही. तेथे मालक आपणच आहोत.

हा विचार ज्यांनी मुंबईत प्रथम रुजवला, त्यांत रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांचे नाव अग्रभागी आहे. 1906 साली शामराव विठ्ठल सहकारी पतसंस्थेचा पाया घालणाऱ्या तालमकींच्या पुढाकारानेच 1915 साली गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था आकारास आली. ती देशातील आरंभीच्या अशा संस्थांपैकी एक. कारवार-होनावरकडून पोटासाठी मुंबईस आलेल्या मध्यमवर्गीय कुटुंबांना परवडेल असे घर मिळावे, आणि ते कोणाच्या मेहेरबानीने नव्हे तर परस्परांच्या आधाराने, हा त्यामागील हेतू होता. पुढे 1960 साली महाराष्ट्राचा सहकारी संस्थांचा कायदा आला, 1963 साली मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा आला, आणि गावोगावी ‘सोसायटी’ हा शब्द मराठी झाला. शब्द आपला झाला. त्यामागचा भाव किती आपला झाला, हा प्रश्न आहे.

मी उपदेश करण्यास उभा नाही. आधी माझाच अपराध सांगतो. आमची इमारत 1986 सालची, चोवीस बिऱ्हाडांची. 2001 ते 2012 अशी अकरा वर्षे मी संस्थेचा सचिव होतो. या अकरा वर्षांत मी मासिक वर्गणी एका पैशानेही वाढू दिली नाही, आणि दरवर्षी सर्वसाधारण सभेत हे अभिमानाने सांगत असे. टाळ्या पडत. सभेला गणपूर्ती मात्र क्वचितच होई. सभासदांच्या दोन-तृतीयांश किंवा वीस, यांपैकी जी संख्या कमी ती गणपूर्ती. आम्हाला सोळा हवे असत आणि येत नऊ. मग अर्धा तास सभा तहकूब करावयाची, तेच नऊ जण पुन्हा बसत, आणि ठराव मंजूर!

2012 च्या जुलैत, एका दुपारी, दुसऱ्या मजल्यावरील छज्जाचा मोठा तुकडा आवारात कोसळला. त्या जागी मुले रोज क्रिकेट खेळत. पाऊस असल्यामुळे त्या दिवशी मुले खाली नव्हती. दुसरे काहीही कारण नाही.

अभियंत्यांनी पाहणी केली तेव्हा समजले की हा आजार त्या दिवसाचा नव्हता. गच्चीवरील पाण्याच्या निचऱ्याची तोंडे पानांनी बुजलेली होती. साचलेले पाणी भेगांतून काँक्रीटमध्ये उतरत होते. मलवाहिनीच्या सांध्यात पिंपळ रुजला होता. आम्ही तो दरवर्षी वरवर कापत होतो, मूळ तसेच. पाणी सळईपर्यंत पोहोचले की लोखंड गंजते, गंजलेली सळई फुगते आणि आतूनच काँक्रीटचा थर ढकलून देते. बाहेरून दिसतो तो फक्त एक पोपडा. आम्ही त्या पोपड्यावर दर दिवाळीला रंग देत होतो.

खर्च निघाला अठरा लाख, म्हणजे प्रत्येक बिऱ्हाडास पंचाहत्तर हजार. निधीत काहीच नव्हते. तळमजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, “गच्ची गळते ती वरच्यांची, आम्ही का भरावे?” त्यांना उपविधी दाखवावे लागले : गच्ची, बाहेरील भिंती, मुख्य नळ यांची दुरुस्ती संस्थेच्या, म्हणजे सर्वांच्या खर्चाने करावयाची असते, आपल्या मोरीतून खाली गळती झाली तर मात्र ती ज्याची त्याने करावयाची. पण मला निरुत्तर केले ते तिसऱ्या मजल्यावरच्या एका निवृत्त शिक्षकांनी. सभेत ते आवाज न चढवता म्हणाले, “सचिवसाहेब, दरमहा पाचशे-सहाशे अधिक मागितले असतेत, तर कुरकुरत का होईना, दिले असते. आता एकरकमी पंचाहत्तर हजार कोठून आणू?”

मी घरी येऊन हिशेब मांडला. पंचाहत्तर हजार भागिले एकशे बत्तीस महिने : पाचशे सत्तर रुपयांच्या आत. ज्या काटकसरीसाठी मी टाळ्या घेतल्या, ती काटकसर नव्हती. ती उद्याच्या माणसाकडून न विचारता घेतलेली उसनवारी होती.

पुढे सात सभासदांनी आपला वाटा भरून वर संस्थेस बिनव्याजी ठेव दिली, म्हणून काम पुरे झाले. गुरुजींनी तीन वर्षांत हप्त्याने सर्व रक्कम फेडली. आणि वर्गणीवाढीचा ठराव सभेपुढे त्यांनीच मांडला. त्या सभेला एकवीस सभासद हजर होते.

2015 च्या पावसाळ्यात ठाकुर्लीत आणि ठाण्याच्या नौपाड्यात इमारती कोसळून माणसे दगावली, हे आपणा सर्वांना ज्ञात आहे. त्या बातम्या वाचताना मला आमचे आवार आठवत होते. म्हणून काही गोष्टी आग्रहाने सांगतो.

आदर्श उपविधींनुसार सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान 0.25 टक्के दरवर्षी सिंकिंग फंडासाठी आणि किमान 0.75 टक्के दुरुस्ती निधीसाठी वेगळे काढावयाचे असतात. बांधकाम खर्च आठ लाख धरला तर वर्षाचे आठ हजार, महिन्याचे पावणेसातशेच्या आत. मात्र जुन्या इमारतींत मूळ खर्च लाख-दीड लाख असतो. त्यावरची टक्केवारी आजच्या दुरुस्तीस पुरणार नाही. तेथे सर्वसाधारण सभेनेच अधिक रक्कम ठरविली पाहिजे. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी पाच वर्षांतून एकदा, त्याहून जुनीची तीन वर्षांतून एकदा करून घ्या. ज्यांच्या नावावर जमीन झालेली नाही, त्यांनी 2008 च्या दुरुस्तीने मिळालेल्या मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज लांबणीवर टाकू नये. आणि मे महिन्यात, पहिल्या सरीच्या आधी, समितीने स्वतः गच्चीवर जाऊन निचऱ्याची तोंडे पाहावीत. त्यास पैसा लागत नाही, गुडघे थोडे दुखतात एवढेच.

आणखी एक. आपला जिना जो झाडतो, कचरा जो उचलतो, त्याचे नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? आपण सणाचा फराळ शेजारी पाठवतो; त्याच्या हातीही तो सन्मानाने जावा. ओला-सुका कचरा वेगळा न करता त्याच्यापुढे ठेवणे म्हणजे आपली घाण त्याच्या हाताने चिवडणे आहे. समरसतेवर व्याख्याने देण्याआधी एवढे तरी आपल्या दारात घडावे.

समाजसंघटनेच्या गोष्टी आपण मोठ्या पटावर बोलतो. पण संघटनेची कसोटी जिन्यावर लागते. तेथे भाषा, जात, पक्ष, मजला यांपैकी काहीही गळतीला अडवत नाही. वरचे पाणी खाली येतेच. ज्या चोवीस घरांना एक गच्ची सांभाळता येत नाही, त्यांनी नगराची आणि राष्ट्राची चिंता कोणत्या तोंडाने करावी?

येत्या सर्वसाधारण सभेला आपण प्रत्येकाने जावे, आणि जाताना शेजारच्या दारावर टकटक करून त्यालाही बरोबर न्यावे. जिना कोणाचा, याचे उत्तर त्या दोन जणांच्या एकत्र उतरण्यात आहे. इतके सांगून मी थांबतो.