माती धरते, माती सोडते



परिषदेची अध्यक्ष म्हणून मिळालेला वेळ मी मातीसाठी वापरते.

माझ्या आजीच्या घरी रांजणाशेजारच्या कोनाड्यात निवळीच्या बिया असायच्या. पावसाळ्यात गढूळ पाणी आले की ती रांजणाच्या आतल्या अंगाला बी घासायची. सकाळपर्यंत गाळ तळाशी बसलेला असे. पाणी नितळ दिसले की ते प्यायचे, एवढी साधी खूण तिच्यापाशी होती. शिसे, कॅडमियम आणि पारा यांच्यापुढे ही खूण निकामी ठरते. ते पाण्यात विरघळलेले असतात. त्यांना ना रंग, ना वास, आणि रात्रभर ठेवले तरी ते तळाशी बसत नाहीत. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात लिटरमागे शिशाची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम, कॅडमियमची ०.००३ आणि पाऱ्याची ०.००१ आहे. जपानमध्ये जिन्झू नदीच्या काठी कॅडमियमने माणसांची हाडे ठिसूळ केली. खाणीतून आलेला तो धातू नदीच्या पाण्यातून भातखाचरात उतरला होता.

या धातूंना धरणारी वस्तू आपल्या पायाखाली आहे. बेसाल्ट झिजून झालेली आपली काळी माती उन्हाळ्यात इतकी भेगाळते की गुराचा पाय अडकावा, आणि पहिल्या पावसात फुगून त्या भेगा स्वतःच बुजवते. हे फुगणे-आकसणे माँटमोरिलोनाइटच्या कुळातल्या खनिजांचे काम. पुरणपोळी डोळ्यांसमोर आणा: वर-खाली सिलिकाचे दोन पापुद्रे आणि मधे ॲल्युमिनियमचा थर. या मधल्या थरात काही ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम येऊन बसलेले असते. ॲल्युमिनियमवर तीन धनभार, मॅग्नेशियमवर दोनच. म्हणून अख्ख्या पोळीवर थोडा ऋणभार शिल्लक राहतो. तो फेडायला कॅल्शियम, सोडियम असे आयन दोन पोळ्यांच्या फटीत येऊन राहतात, पण सैलसर. दुसरा योग्य आयन आला की ते जागा सोडतात. शुद्ध माँटमोरिलोनाइटचे सगळे पापुद्रे सुटे करून आतले-बाहेरचे पृष्ठ मोजले, तर एका ग्रॅमला सातशेहून अधिक चौरस मीटर भरतात. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर एका चिमटीत सात गुंठे जमीन!

म्हणून मला 'माती पाणी गाळते' हे वाक्य खटकते. गाळणीत अडकते ते आकाराने मोठे असते म्हणून. माती धातू अडवत नाही, ती अदलाबदल करते. हे पहिल्यांदा नीट मांडले ते १८५० साली इंग्लंडमध्ये, थॉम्प्सन आणि वे या दोघांनी. त्यांना चिंता शेतीची होती; खतातले अमोनिया पावसाने वाहून जाते का, एवढाच प्रश्न होता. अमोनियम सल्फेटचे द्रावण मातीतून ओतले तर खाली कॅल्शियम सल्फेट उतरले. अमोनियम मातीने ठेवून घेतले होते. हे काम मातीतली चिकण करते, हे वे यांनी ओळखले. पण एका बाबतीत ते चुकले. मातीने घेतलेले परत मिळत नाही, असे त्यांना वाटले. आठ वर्षांनी आइखहॉर्न यांनी दाखवून दिले की अदलाबदल दोन्ही दिशांनी होते.

आज इथे उभे राहून मला जे सांगायचे आहे, ते या आठ वर्षांमध्ये दडलेले आहे. आपल्यापैकी पुष्कळ जणांचे संशोधन अजून १८५० मध्येच थांबलेले आहे. पाण्यातले शिसे किती टक्के गेले, हे आपण मोजतो, आलेख काढतो आणि निबंध संपवतो. मीही वर्षानुवर्षे तेच केले. एके दिवशी माझ्या एका विद्यार्थिनीने प्रयोग संपल्यावर चिखलाने भरलेली बरणी हातात धरून विचारले, "मॅडम, ही माती आता कुठे टाकू?" मी तिला म्हटले, ठेव कपाटात. माझ्यापाशी दुसरे उत्तर नव्हते.

ती माती मोरीत ओतली असती तर काय झाले असते? धातू कसा धरला गेला आहे, यावर ते ठरते. पापुद्र्यांच्या फटीत बसलेले शिसे खारट किंवा कठीण पाण्याने बाहेर येते. कडेच्या तुटक्या टोकांवर ऑक्सिजनशी थेट बंध जुळवून बसलेले शिसे जास्त चिवट. पण आम्ल आले की तेही सुटते. सामू उतरला की हायड्रोजन आयन त्या जागा बळकावतात. आम्लाने धुऊन माती पुन्हा वापरता येते, हे आपण मोठ्या अभिमानाने लिहितो. तेच आम्ल कचरापट्टीत, कुजणाऱ्या भाजीपाल्यातूनही तयार होते.

दुसरी गोष्ट पाण्याची. प्रयोगशाळेत आपण ऊर्ध्वपातित पाण्यात शिशाचे क्षार विरघळवतो, आणि मातीपुढे दुसरा कोणी उमेदवारच ठेवत नाही. दख्खनच्या विहिरीचे पाणी कठीण असते. लिटरमागे ८० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ०.०५ मिलिग्रॅम शिसे असे पाणी धरा. हिशेब केला तर शिशाच्या एका आयनामागे कॅल्शियमचे आठ हजार आयन रांगेत उभे असतात. त्या गर्दीत माती शिसे किती निवडते, हा खरा प्रश्न, आणि त्याचे उत्तर कडेच्या त्या चिवट जागांपाशी आहे. शिवाय चिकणमातीची नळी भरून वरून पाणी सोडले की ती फुगते आणि पाण्याची वाटच बंद होते. वाळू मिसळणे किंवा गोळ्या करून वापरणे हे किरकोळ काम नव्हे. शोध प्रत्यक्षात उतरणार की नाही, ते तिथेच ठरते.

सगळ्या धातूंना एकच माती चालत नाही, हेही बोलून टाकते. मुलामा देण्याच्या कारखान्यांतले षट्संयुजी क्रोमियम आणि भूजलातले आर्सेनिक हे पाण्यात धनभारित रूपात नसतात. काळी माती त्यांना फारसे धरत नाही. तिथे आपल्या कोकणातला जांभा आठवावा. त्यात लोहाची ऑक्साइडे भरपूर, आणि ती आर्सेनिक धरतात. पश्चिम बंगालमधले आर्सेनिकचे संकट १९८३ मध्ये कोलकात्याच्या एका त्वचारोगतज्ज्ञाने, डॉ. के. सी. साहा यांनी, रुग्णांच्या कातडीवरून ओळखले. त्याच बंगालमध्ये खरगपूरच्या आयआयटीने आम्ल-अल्कलीची प्रक्रिया केलेल्या जांभ्याची गाळणयंत्रे बसवली. आपल्या जांभ्यावर असे काम व्हावे, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

वापरलेल्या मातीच्या विटा भाजाव्यात, असा उपाय सुचवला जातो. भट्टीत पापुद्रे कोसळतात आणि धातू आत कोंडला जातो, हे खरे. पण पारा भट्टीतून वाफ होऊन उडतो आणि कॅडमियमही उडू शकते. आणि चुनखडीयुक्त मातीत त्रिसंयुजी क्रोमियम हवेत भाजले, तर त्याचे पुन्हा विषारी षट्संयुजी रूप होऊ शकते. म्हणून वीट दळून तिच्यातून पाणी व आम्ल पाझरवल्याशिवाय तिला निर्धोक म्हणू नये.

उद्याच्या सत्रांत निबंध वाचणाऱ्या प्रत्येकाला मी तीन प्रश्न विचारणार आहे: पाणी कुठले घेतले, त्यात कॅल्शियम किती होते, आणि वापरलेली माती आज कुठे आहे? परिषदेच्या निबंधाच्या नमुन्यात पुढच्या वर्षापासून हे तीन रकाने असावेत, असा ठराव मी मांडत आहे. सुरुवात स्वतःपासून केली. त्या विद्यार्थिनीच्या बरणीसह माझ्या कपाटातून अकरा बरण्या निघाल्या. त्यांतल्या चारांवर धातूचे नावही लिहिलेले नव्हते. त्या तपासून, चिठ्ठ्या लावून, धोकादायक कचरा हाताळणाऱ्या केंद्राकडे पाठवण्यासाठी बांधून ठेवल्या आहेत. त्यांची यादी सभागृहाबाहेरच्या फळ्यावर लावली आहे. तिच्याखाली तुमच्या बरण्यांसाठी जागा सोडली आहे.